नोंद आहे, चित्र नाही

माझ्याकडे येणारी विनंती बहुधा एका ओळीची असते. विषुवांश, क्रांती आणि पुढे, ‘मॅडम, याचं चित्र मिळेल का?’ कधी एकच जागा असते, कधी काही शे जागांची लांबलचक एक्सेल. पाठवणारे पीएच.डी.चे विद्यार्थी असतात, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं असतात, अधूनमधून गच्चीवर दुर्बीण लावणारे एखादे रिटायर झालेले काकाही असतात. मी स्वतः खगोलशास्त्रज्ञ नाही. शिक्षण कॉम्प्युटरचं. सुरुवातीची काही वर्षं पगारपत्रकांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग पुण्यात एका संशोधन गटाचा डेटा सांभाळायला आले आणि तिथलीच झाले. आकाशाच्या निरनिराळ्या सर्वेक्षणांच्या याद्या उतरवून घ्यायच्या, एकमेकींशी जुळवायच्या आणि मागेल त्याला मागेल त्या जागेचा कटआउट, म्हणजे चित्राचा तुकडा, काढून द्यायचा, हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात अवघड ते काय? आधी आकाशाचं चित्र घेतलं, त्यातले ठिपके मोजले, ठिपक्यांची यादी केली. म्हणजे यादीतल्या प्रत्येक ओळीमागे एक ठिपका असणार आणि प्रत्येक ठिपक्याची एक ओळ असणार. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी गळती आहे. ओळ असते, चित्र नसतं. चित्र असतं, ओळ नसते. कधी दोन्ही असतात, पण चित्रात नेमक्या त्या जागी काहीच नसतं. आणि कधीकधी चित्र आल्यासारखं वाटतं, पण ते चित्रच नसतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो पकडल्याशिवाय कळत नाही आणि कळल्याशिवाय पकडायचं कुणाला सुचत नाही.

आमच्या दारातलंच उदाहरण घेते. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. 45 मीटर व्यासाच्या 30 डिश, सुमारे 25 किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. 2010 ते 2012 या काळात या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झवर आपल्याकडून दिसणारं जवळपास सगळं आकाश पालथं घातलं. ते टीजीएसएस सर्वेक्षण. ह्यूब इंटेमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सगळ्या डेटावर नव्याने प्रक्रिया केली आणि 2016-17 मध्ये उणे 53 अंशांच्या उत्तरेचं आकाश प्रसिद्ध केलं. 5336 चित्रं आणि 6 लाख 23 हजारांहून जास्त नोंदी. दोन्ही फुकट, कुणालाही.

या नकाशात मिथुन राशीच्या बाजूला एक नाजूक जागा आहे. विषुवांश साधारण साडेसहा ते साडेनऊ तास, क्रांती 25 ते 39 अंश. म्हणजे आपल्या पुनर्वसूचे दोन्ही तारे त्या चौकोनात येतात. इतक्या कमी फ्रिक्वेन्सीला वातावरणाचा आयनोस्फिअर हा थर फार छळतो. स्रोताची जागा हलवतो, आकार फिसकटवतो. तिथल्या निरीक्षणांच्या वेळी तो नेमका बिघडलेला होता, आणि त्या भागातल्या काही निरीक्षणांचा डेटा दर्जाला उतरला नाही. यात लपवाछपवी काही नाही, सगळं छापलेलं आहे. दीर्घिका आकाशात कशा विखुरल्या आहेत याचा हिशेब करणारे लोक तो चौकोन आधीच कापून बाजूला ठेवतात. पण छापलेलं असणं आणि वाचलेलं असणं यांत फरक आहे.

एका विद्यार्थिनीला त्या बाजूच्या काही क्वेसारांचं 150 मेगाहर्ट्झला काय होतं ते हवं होतं. यादीत त्यांची नोंद नव्हती. तिने शहाणपणा केला, नुसत्या यादीवर न थांबता एका वेबसेवेवरून कटआउट उतरवले. आले, आणि त्यातले काही तर इतके स्वच्छ, एकसारखे करडे आले की बघत राहावं. ‘मॅडम, काहीच नाहीये तिथे. मी अप्पर लिमिट लिहून टाकू?’ म्हणजे, तेज असलंच तर अमुक मर्यादेच्या आत.

मी म्हटलं, एक काम कर. त्यातला एक डीएस-नाइन या चित्रं बघायच्या प्रोग्रॅममध्ये उघड, माउस हळूहळू फिरव आणि पिक्सेलचे आकडे मोठ्याने वाच.

‘शून्य. शून्य. शून्य. शून्य पॉइंट शून्य. शून्य.’

मग शेजारच्या चांगल्या तुकड्याचं चित्र उघडायला लावलं. तिथे आकडे नाचत होते. अधिक दोन पॉइंट काहीतरी, उणे तीन, अधिक एक, पुन्हा उणे. टीजीएसएसमध्ये पार्श्वभूमीचा नॉइज साधारण साडेतीन मिलिजान्स्की असतो. आकाशात काही असो वा नसो, रिसीव्हरचा आणि आकाशाचा स्वतःचा गोंगाट थांबत नाही. खऱ्या चित्रात एखादा पिक्सेल योगायोगाने शून्याच्या जवळ येईल, पण शंभर पिक्सेल ओळीने नेमके शून्य? ‘आता या करड्या चित्राचा नॉइज काढ बघू,’ म्हटलं. काढला. शून्य आला. असा रिसीव्हर अजून कुणी बनवलेला नाही, हे सांगावं लागलं नाही. ती स्वतःच हसली.

आत काय होतं ते सांगते, कारण हे सगळ्याच सर्वेक्षणांना लागू आहे. खगोलशास्त्रातली चित्रं फिट्स नावाच्या फाइलमध्ये असतात. त्यात प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक मोजलेला आकडा. जिथे मोजलंच नाही तिथे ‘इथे आकडा नाही’ अशी खूण ठेवायची सोय फिट्समध्ये आहे. पण चित्र एका सेवेतून दुसऱ्या सेवेत जाताना, फिरवताना, लहानमोठं करताना कुठलासा प्रोग्रॅम ती खूण उचलतो आणि तिथे शून्य भरतो. शून्य म्हणजे ‘मोजलं आणि काही निघालं नाही’. रिकामी खूण म्हणजे ‘मोजलंच नाही’. हा फरक एकदा पुसला गेला की पुढच्या कुणालाही तो परत आणता येत नाही. त्यातून ती फाइल पीएनजी करून प्रेझेंटेशनमध्ये चिकटवली की मग तर विचारूच नका.

न पाहिलेलं आकाश रिकामं म्हणून खपून जातं, ते असं. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीची दोन प्रसिद्ध सर्वेक्षणं आहेत, एनव्हीएसएस आणि फर्स्ट. दोन्ही 1993 मध्ये सुरू झाली. एनव्हीएसएसने उणे 40 अंशांच्या उत्तरेचं सगळं आकाश घेतलं, पण त्याची नजर जाडी, 45 विकलांची. फर्स्टची नजर बारीक, 5 विकलांची, पण व्याप्ती साधारण साडेदहा हजार चौरस अंश. सगळं आकाश 41 हजार चौरस अंशांहून थोडं जास्त आहे, म्हणजे फर्स्टने जेमतेम पाव भाग पाहिला. तरी प्रबंधांच्या तक्त्यांत ‘फर्स्टमध्ये आढळ नाही’ असं लिहिलेल्या ओळी मी पाहिल्या आहेत आणि त्यातल्या काही जागा फर्स्टच्या हद्दीबाहेर कितीतरी लांब होत्या. यादीला प्रश्न विचारला, यादी गप्प बसली, आणि तिच्या गप्प बसण्याला उत्तर समजलं गेलं.

यावर इलाज आहे आणि तो सोपा आहे. सर्वेक्षणाने आकाशाचा कोणता भाग पाहिला, त्याचा नकाशा वेगळ्या छोट्या फाइलमध्ये द्यायचा. त्याला मॉक म्हणतात. स्ट्रासबर्गच्या डेटा केंद्रातल्या लोकांनी ही कल्पना उचलून धरली आणि 2014 पासून तिचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. आकाशाचे लहान लहान चौकोन पाडायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, पाहिलेल्या चौकोनांचे क्रमांक लिहून ठेवायचे. बस. अलाडिन या आकाशाचे नकाशे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल टाकली की हद्द रंगून समोर येते. मी कुठलीही यादी जुळवायला घेण्याआधी तिचा मॉक उतरवते, आणि मॉक नसेल तर नोंदींच्या जागांवरून कच्ची हद्द आखून घेते. आमच्याकडची मुलं याला ‘मॅडमचं सोवळं’ म्हणतात. म्हणोत.

आता नोंद आहे, चित्रही आहे, पण त्या जागी काही नाही, तो प्रकार. धाराशिवकडचा एक मुलगा होता, शेतकऱ्याच्या घरातला, हाताने कामसू. त्याला रेडिओ यादीतल्या नोंदींसाठी दृश्य प्रकाशातली दीर्घिका शोधायची होती. नोंद उघडली, दृश्य चित्र त्याखाली ठेवलं, खुणेचा क्रॉस टाकला. क्रॉस कोऱ्या अंधारात. जवळपास दीर्घिका होती, पण चांगली चाळीसएक विकला बाजूला. त्याने यादीतली जागा चुकली म्हणून नावं ठेवली. मी त्यावर रेडिओच्या समोच्च रेषा चढवल्या. दोन फुगे, मधून बारीक कंबर, आणि दीर्घिका मध्यावर नव्हे तर एका फुग्याकडे सरकलेली. दीर्घिकेच्या पोटातल्या कृष्णविवरातून दोन्ही बाजूंना फवारे निघतात आणि लांब जाऊन फुगतात. जाड नजरेच्या दुर्बिणीला ते दोन फुगे मिळून एकच लांबुळका डाग दिसला, सॉफ्टवेअरने त्या डागाचा तेजोमध्य काढला आणि तो नोंदीत लिहिला. एक फुगा दुसऱ्याहून तेजस्वी, त्यामुळे मध्य ढळलेला. नोंदीतला आकडा बरोबर होता. फक्त त्या जागी कुठलीच वस्तू नव्हती.

पोरगा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला, ‘म्हणजे सातबाऱ्यावरचं आणि मोजणीचं जमंना, तसंय हे मॅडम.’ मी म्हटलं, अगदी तसंच. उतारा खोटा नसतो, पण बांध कुठे आहे ते बघायला रानातच जावं लागतं. त्यानंतर त्याने चित्र उघडल्याशिवाय एकही ओळ पुढे पाठवली नाही.

खोट्या नोंदी मात्र खरोखरच असतात, आणि थोड्याथोडक्या नाहीत. 2003 मध्ये अमेरिकन नौदलाच्या वेधशाळेने यूएसएनओ-बी नावाची यादी काढली. जुन्या फोटोग्राफिक काचा स्कॅन करून केलेली, 104 कोटींहून जास्त नोंदींची. तेजस्वी ताऱ्याच्या फोटोत दुर्बिणीच्या आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांमुळे चार टोकांचे किरण उमटतात, भोवती प्रतिबिंबाचं कडं पडतं. त्या किरणांवर आणि कड्यांवर सॉफ्टवेअरला ओळीने ‘तारे’ सापडत गेले. 2008 मध्ये काही संशोधकांनी या यादीतल्या नोंदींचे नकाशे काढून अशी सरळ रेघांत आणि वर्तुळांत उभी राहिलेली मंडळी शोधली. 2 कोटी 41 लाखांच्या वर निघाली, यादीच्या 2.3 टक्के. शेकड्याला दोन-अडीच म्हणजे फार नाही असं कुणी म्हणेल. पण तुमच्या यादीत ती एकाच तेजस्वी ताऱ्याभोवती वीस आली की मग कळतं. आणि ही नोंद खोटी हे कसं ओळखायचं? त्या नोंदीत तसं काही लिहिलेलं नसतं. जागा आहे, तेज आहे, सगळं नीटनेटकं. चित्र उघडलं की मात्र दुसऱ्या सेकंदाला लक्षात येतं.

जुन्या लोकांना हा धोका आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता, असं मला कधीकधी वाटतं. 1887 मध्ये पॅरिसला जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि त्यांनी सगळ्या आकाशाचे फोटो काढायचं ठरवलं. वेधशाळांनी पट्टे वाटून घेतले. कामाचे दोन भाग. एक, साधारण अकराव्या प्रतीपर्यंतच्या ताऱ्यांची मोजलेली यादी. दुसरा, चौदाव्या प्रतीपर्यंतचा छापील नकाशा, ‘कार्त द्यु सिएल’. नकाशाच्या पुष्कळशा काचांवर तीन वेळा फोटो घेत, दर वेळी दुर्बीण किंचित सरकवून. त्यामुळे प्रत्येक तारा तीन ठिपक्यांचा चिमुकला त्रिकोण होऊन उमटे. धुळीचा कण किंवा काचेवरचा डाग एकटा पडे, आणि भिंगाखाली लगेच ओळखू येई. तिप्पट वेळ गेला तरी चालेल, पण डागाला तारा म्हणायचं नाही, असा तो बाणा होता.

या प्रकल्पात आपल्या शेजारचं हैदराबादही होतं. चिलीतल्या सांतियागोने सोडलेला उणे 17 ते उणे 23 अंशांचा पट्टा निझामिया वेधशाळेने घेतला आणि मापांचे खंडामागून खंड काढले. मराठवाडा तेव्हा निझामाच्याच राज्यात. तरी मराठवाड्यातून आलेल्या एकाही मुलाला ही गोष्ट माहीत असल्याचं मला आढळलेलं नाही, आणि दोष मुलांचा नाही.

पुढे काय झालं? यादी पुरी झाली, दशकानुदशकं खपून. नकाशा कधीच पुरा झाला नाही. छपाईचा खर्च झेपेना, महायुद्धं आली, काही वेधशाळांनी हात टेकले, आणि 1970 मध्ये त्यावर अधिकृतपणे पडदा पडला. म्हणजे आकाशाच्या बऱ्याच भागाची नोंद आहे, छापील चित्र नाही. तरीही ती यादी वाया गेली नाही, याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या खंडांमध्ये ताऱ्यांच्या जागा शिजवून दिलेल्या नव्हत्या. काचेवरची कच्ची मापं, आडवं इतकं, उभं इतकं, अशीच छापली होती. त्यामुळे हिपार्कोस उपग्रहाच्या अचूक जागा हाती आल्यावर विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच मापांचा हिशेब नव्याने करता आला. सुमारे 46 लाख ताऱ्यांच्या शंभर वर्षांपूर्वीच्या जागा मिळाल्या, आणि त्यांच्या आधारे 2000 साली आलेल्या टायको-2 यादीत 25 लाख ताऱ्यांच्या गती काढता आल्या. चित्र देता येत नसेल तर निदान कच्चं माप तरी द्यावं. आजच्या कित्येक याद्या तेवढंही देत नाहीत.

त्या जुन्या यादीचं आजचं भावंड म्हणजे गाया. युरोपचा हा उपग्रह डिसेंबर 2013 मध्ये उडाला आणि जानेवारी 2025 मध्ये त्याची निरीक्षणं थांबली. त्याच्या 2022 च्या यादीत सुमारे 181 कोटी नोंदी आहेत. इतकी मोठी, इतकी अचूक यादी माणसाने कधी केली नव्हती. आणि तिच्यासोबत चित्रांचा संच नाही! दर काही दिवसांनी कुणीतरी विचारतं, ‘गायाचा कटआउट?’ आणि मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी टाळतेय. कारण साधं आहे. गाया होता 15 लाख किलोमीटरवर, कॅमेरा जवळजवळ शंभर कोटी पिक्सेलचा, आणि तो सगळा माल पृथ्वीवर पाठवण्याइतका मोठा मार्ग नव्हता. म्हणून यानावरचंच सॉफ्टवेअर ठरवायचं की हा तारा आहे, मग त्याच्याभोवतीची छोटीशी चौकट तेवढी खाली यायची. मंद ताऱ्यांच्या बाबतीत तर त्या चौकटीतले पिक्सेलही एका दिशेने बेरीज करूनच यायचे. बाकीचं आकाश तिथल्या तिथे सोडून दिलं. गायाचं ते आकाशगंगेचं सुप्रसिद्ध चित्र, जे पोस्टरवर आणि पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर दिसतं, तो फोटो नाहीच. नोंदींची तेजं आणि रंग घेऊन यादीवरून रंगवलेलं ते चित्र आहे. इथे गंगा उलटी वाहते, यादीतून चित्र निघतं. त्यामुळे त्या चित्राने यादी तपासता येत नाही, हे मात्र ते पोस्टर लावणाऱ्यांच्या ध्यानात नसतं.

काही दाट जागांसाठी गायाने मोजकी खरी चित्रंही पाठवली. त्यातली एक जागा म्हणजे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ. एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रातून दक्षिणेला बऱ्यापैकी वर येतो, अंधाऱ्या गावी नुसत्या डोळ्यांनीही पुसट डाग म्हणून दिसतो. त्याच्या मध्याची ती चित्रं वेगळी मोजली, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्यातून 5,26,587 नवे तारे प्रसिद्ध झाले. मूळ यादीत गुच्छाच्या पोटात जिथे भोक होतं तिथेच गर्दी सगळ्यात जास्त होती. गर्दीमुळेच भोक पडलं होतं.

चित्र आहे आणि नोंद नाही, या बाजूला मी स्वतः जास्त रमते. टीजीएसएसच्या यादीत घ्यायचं तर ठिपका पार्श्वभूमीच्या नॉइजच्या किमान सातपट हवा, असा नियम होता. योग्यच होता. नियम सैल केला असता तर खोट्या नोंदींनी यादी बरबटली असती. पण त्याचा अर्थ असा की पाचपट, सहापट तेजाचे खरे स्रोत चित्रात आहेत आणि यादीत नाहीत. शिवाय पसरट, विरलेली वस्तू असेल, जुन्या मेलेल्या फवाऱ्याचा धूसर अवशेष असेल, तर तिचं एकूण तेज पुष्कळ असूनही कुठलाच एक पिक्सेल सातपटीच्या वर डोकं काढत नाही. ठिपके शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला ती दिसत नाही. डोळ्याला दिसते, पण डोळा त्या जागी न्यावा लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या आस्कॅप दुर्बिणीच्या चाचणी सर्वेक्षणाची चित्रं ॲना कपिन्स्का ही खगोलशास्त्रज्ञ नुसती डोळ्यांनी चाळत होती तेव्हा तिला रेडिओतलं एक फिकट वर्तुळ दिसलं. साधारण एका कलेच्या व्यासाचं, कशाशीच न जुळणारं. अशा वर्तुळांना आता ऑर्क म्हणतात. त्यांतलं चौथं सापडलं ते आपल्या जीएमआरटीच्या साठवणीत, 2013 च्या निरीक्षणांत, इंटेमा यांनाच. निरीक्षण झाल्यापासून ते वर्तुळ तिथेच होतं. ‘वर्तुळ’ असा रकाना कुठल्याच यादीत नव्हता, तर नोंद होणार कशी? आनंद होता यांनी 2013 मध्ये सुरू केलेला रॅड ॲट होम हा उपक्रम याच कारणासाठी मला मोलाचा वाटतो. विज्ञानाच्या साध्या पदवीधरांना याद्या नव्हे तर चित्रं वाचायला शिकवतात. वेगवेगळ्या सर्वेक्षणांची चित्रं एकावर एक रंगांत चढवायची आणि जे ओळखू येत नाही त्यावर बोट ठेवायचं. पगारी माणसं इतका वेळ चित्रांकडे बघत नाहीत. मीही बघत नाही, हे खरं.

वेळेचा घोळ वेगळाच. भुजंगधारीतला बर्नार्डचा तारा वर्षाला दहा विकलांहून थोडा जास्त सरकतो. पालोमार वेधशाळेच्या पहिल्या सर्वेक्षणाच्या काचा 1949 ते 1958 मधल्या. आजची जागा देऊन त्या काचेचा एका कलेचा कटआउट मागितला तर तारा त्यात नसणारच, तो बारा कला मागे आहे. त्याहून नेहमीचा घोळ म्हणजे जुन्या शोधनिबंधातली 1950 ची जागा 2000 ची समजून टाकणं. परांचन गतीने पन्नास वर्षांत जवळजवळ बेचाळीस कला सरकतात, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाहून जास्त. घरात टिळक पंचांग आणि दाते पंचांग दोन्ही असणाऱ्यांना अयनांशाचा वाद पाठ असतो. तेच लोक ऑफिसात आले की कोणत्या सालची जागा ते लिहीत नाहीत.

आणि शेवटी साधी हेळसांड. यादी लहान असते, दहा ठिकाणी तिच्या प्रती होतात, व्हिजिएरसारख्या केंद्रात ती कायमची सुरक्षित राहते. चित्रं अवजड. ती प्रकल्पाच्या सर्व्हरवर राहतात, प्रकल्प संपतो, सर्व्हर बदलतो, लिंक मरते. एका सर्वेक्षणाची चित्रं मला हवी होती. निबंधातल्या पत्त्यावर पान उघडेना, पत्र लिहिलं तर उत्तर आलं की ज्यांच्याकडे ती होती ते संस्था सोडून गेले, हार्ड डिस्क बहुतेक कपाटात असेल. बहुतेक! नोंदी मात्र सगळीकडे सुखरूप आहेत, त्यांचे संदर्भ आजही दिले जातात. नोंद म्हणजे कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी नियमाने घेतलेला निर्णय. तो पुन्हा तपासायचा तर चित्र लागतं, आणि चित्र सांभाळायला अनुदानात रकाना नसतो. सर्वेक्षणाच्या खर्चात डिस्कचे आणि ती पुढे चालवणाऱ्या माणसाचे पैसे पहिल्या दिवसापासून धरले पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे बदलण्याची थोडी चिन्हं आहेत. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेची पहिली चित्रं जून 2025 मध्ये आली. तिथे आकाशात काही बदललं की जी सूचना जगभर जाते, तिच्या रचनेतच त्या जागेचे चित्राचे लहान तुकडे बसवलेले आहेत. नोंद आणि पुरावा एकाच पाकिटात. पूर्ण चित्रं सगळ्यांना लगेच मिळणार नाहीत, पण निदान तुकडा तरी नोंदीबरोबर प्रवास करेल.

मला यादी पाठवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. जागेबरोबर साल लिहा, कोणत्या सर्वेक्षणाचं चित्र हवं ते लिहा, आणि तुमच्या तक्त्यात ‘पाहिलं पण आढळलं नाही’ आणि ‘पाहिलंच नाही’ या दोन्हींसाठी एकच आडवी रेघ मारू नका. दोन वेगळ्या खुणा ठेवा आणि तळटीपेत त्यांचा अर्थ द्या.